जाड पितळ म्हणजे जास्त दारू नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतले हौशी नेमबाज रायफलची काडतुसे घरी कशी भरतात, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच एक लेख आला. मराठीत या विषयावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून लेख आवडीने वाचला. पण त्यातले एक विधान तसेच सोडून देण्यासारखे नाही. ‘लष्करी काडतुसाची पितळी पुंगळी खासगी कंपनीच्या पुंगळीपेक्षा जाड असते, म्हणून ती मजबूत असते आणि तिच्यात थोडी जास्त दारू भरली तरी चालते,’ असे त्यात म्हटले आहे. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. शेवटचा भाग मात्र साफ उलटा आहे, आणि तो वाचून कुणी परदेशातल्या मराठी नेमबाजाने तसे केले तर रायफल फुटू शकते.

आधी पुंगळीचे काम काय ते पाहू. गोळी सुटते तेव्हा आतला दाब पितळ पेलत नाही. तो पेलते चेंबरचे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीचे, पोलाद आणि मागे ती पोकळी बंद करणाऱ्या बोल्टची कुलपे. पितळ फक्त फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून ती पुंगळी बाहेर ओढता येते. पितळाच्या ताकदीला खरा अर्थ आहे तो फक्त बुडाशी, जिथे त्याला चेंबरचा आधार नसतो. आता चेंबरचे माप ठरलेले, म्हणजे पुंगळीचे बाहेरचे मापही ठरलेले. भिंत आणि बूड जाड केले तर ती जाडी आतल्या जागेतूनच जाणार. एकाच मापाचे दोन डबे, एक पातळ पत्र्याचा आणि एक जाड पत्र्याचा. जाड डब्यात धान्य कमी मावते, एवढा साधा हिशेब आहे. फरक इतकाच की धान्य कमी मावले तर उरलेले बाहेर राहते, इथे तीच दारू कमी जागेत जळते आणि दाब चढतो.

आकडे घेऊन बोलू. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आले आणि त्याचेच लष्करी भावंड ७.६२ बाय ५१ नाटोने १९५४ साली स्वीकारले. विंचेस्टरची नेहमीची .३०८ पुंगळी वजनाला साधारण १५५ ते १६० ग्रेन असते. मिसुरी राज्यात इंडिपेंडन्स गावी लेक सिटीचा लष्करी दारूगोळा कारखाना आहे, तिथली ७.६२ ची पुंगळी १७५ ते १८५ ग्रेनच्या घरात जाते. (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम.) म्हणजे वीसेक ग्रेन पितळ जास्त. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, त्यामुळे या वीस ग्रेन पितळाने आतली सुमारे सव्वादोन ग्रेन पाण्याएवढी जागा खाल्ली. पातळ पुंगळीत साधारण ५६ ग्रेन पाणी मावते, तर जाड पुंगळीत ५४ च्या आत-बाहेर. चार टक्के जागा गेली. ऐकायला किरकोळ वाटते, पण दारू आधीच वरच्या मर्यादेला टेकलेली असेल तर तेवढ्याने दाब काही हजार पीएसआयने (दर चौरस इंचावरचे पौंड) वर जातो. .३०८ साठी अमेरिकी उद्योगाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. पातळ पुंगळीत बरोबर त्या रेषेवर बसलेला भार जाड पुंगळीत तसाच ओतला की रेषा ओलांडली. म्हणून जाणकार जाड पुंगळीसाठी दारू वाढवत नाहीत, घटवतात. आणि यात तोटाही फारसा नाही: जागा कमी असल्याने थोड्या कमी दारूत जवळपास तोच वेग मिळतो.

इथे आणखी एक गोंधळ नेहमी होतो, तो लगे हाथ सांगून टाकतो. काही जण म्हणतात, लष्करी ७.६२ ची मर्यादा ५०,००० आणि .३०८ ची ६२,०००, म्हणजे .३०८ बारा हजारांनी जहाल. ही तुलना मुळात चुकीची आहे. ५०,००० हा आकडा तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून काढलेला जुन्या पद्धतीचा आहे, आणि ६२,००० हा विद्युत सेन्सरने मोजलेला. त्याच तांब्याच्या पद्धतीने .३०८ ची मर्यादा ५२,००० येते. म्हणजे दोन्ही काडतुसे दाबाच्या बाबतीत जवळजवळ शेजारी आहेत. खरा फरक चेंबरच्या लांबीत आहे. खासगी .३०८ रायफलचे चेंबर खांद्यापर्यंत (पुंगळी मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडे, निमुळती होते तिथपर्यंत) साधारण १.६३० ते १.६३८ इंचांत असावे लागते, तर लष्करी शस्त्रांत १.६४५ इंचांच्या आसपासपर्यंत चालवून घेतात. पुंगळी जाड ठेवण्यामागचे एक कारण हेच. मशीनगनचे चेंबर सैल, गरम, धुळीने भरलेले; बोल्ट दाब पुरता उतरण्याआधीच पुंगळी खसकन ओढतो. तिथे पातळ पितळ बुडाजवळ तुटून पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकला तर सैनिकाचे शस्त्र ऐन वेळी बंद. जाडी त्यासाठी आहे, तुमच्या-आमच्या जास्तीच्या दारूसाठी नव्हे.

आता ‘अर्धा खरा’ का म्हटले ते. लष्करी पुंगळी नेहमीच जाड असते, हा नियमही टिकत नाही. ५.५६ मिमी घ्या. लेक सिटीची ५.५६ ची पुंगळी आणि तिच्या खासगी भावंडाची, .२२३ रेमिंग्टनची, पुंगळी वजनाला जवळपास सारखीच, नव्वद ग्रेनच्या थोडी वर, आणि आतली जागाही तीसेक ग्रेन पाण्याची. तिथे लष्करी म्हणून डोळे मिटून दारू घटवण्याचे कारण नाही. उलट .३०८ मध्ये काही खासगी पुंगळ्या, फेडरल कंपनीच्या उदाहरणार्थ, लष्करीच्या तोडीस तोड जड निघतात. तेव्हा ‘लष्करी’ आणि ‘खासगी’ ही विभागणीच कामाची नाही. बुडावरचा शिक्का पाहून ढीग वेगळे करा, मग तराजू आणि पाणी. त्याशिवाय कुणाच्याही म्हणण्यावर जाऊ नये.

पाण्याने मोजण्याची रीत सोपी आहे, पण बहुतेक जण ती अर्धवट करतात. आपल्याच रायफलमधून उडवलेली, अजून डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापाला आणणाऱ्या साच्यात) न दाबलेली पुंगळी घ्यायची, कारण सगळ्यांचा बाहेरचा आकार तेव्हाच एकसारखा, चेंबरने दिलेला असतो. जळलेला प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) आतच राहू द्यायचा, तो खालचे भोक बंद ठेवतो. कोरडी पुंगळी तोलायची. ड्रॉपरने पाणी भरायचे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला तर आत बुडबुडे चिकटत नाहीत. तोंडाशी पाणी फुगवटा धरते, तो टिपकागदाने टिपून पातळी काठाला सपाट करायची, बाहेरून पुसायचे, पुन्हा तोलायचे आणि वजाबाकी करायची. एका शिक्क्याच्या पाच-सात पुंगळ्या अशा मोजल्या की खरा आकडा हाती येतो. नुसते पितळ तोलून तुलना करणार असाल तर मात्र प्रायमर काढून, सगळ्या एका लांबीला कापून मगच तोला. मोठ्या रायफल प्रायमरचेच पाचेक ग्रेन वजन असते, ते काहींत राहिले आणि काहींत गेले की सगळी तुलना वाया.

लष्करी पुंगळी ओळखायला सोपी. बुडावर वर्तुळात क्रॉस असेल तर ती नाटोची खूण. सोबत कारखान्याची अक्षरे, लेक सिटीची ‘एल सी’, आणि सालाचे दोन आकडे. मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती मान मऊ करण्यासाठी दिलेल्या आचेची. खासगी कंपन्याही मानेला आच देतात, पण मग घासून ती झाक काढून टाकतात. लष्कर ती मुद्दाम राहू देते, आच दिली आहे हे तपासणीत दिसावे म्हणून. नवशिके तिला डाग समजून पुंगळी फेकतात. फेकू नये.

लष्करी पितळाची खरी डोकेदुखी असते प्रायमरच्या खोबणीत. मशीनगनच्या हादऱ्यात प्रायमर निसटू नये म्हणून खोबणीच्या काठाला दाबून गोल कडा किंवा तीन-चार टोचे मारलेले असतात. नेहमीच्या डायची बारीक सुई अशा प्रायमरवर वाकते किंवा तुटते, म्हणून जाड सुईची वेगळी डाय वापरावी. प्रायमर निघाला तरी ती दाबलेली कडा तशीच उरते, आणि नवा प्रायमर तिथे चेपतो, तिरपा बसतो किंवा अर्ध्यातच थांबतो. कडा काढण्याचे दोन मार्ग: रीमरने खरवडून, किंवा डिलन कंपनीच्या सुपर स्वेजसारख्या यंत्रात पोलादी खिळ्याने दाबून. रीमर हातचा असेल तर दोन फेऱ्यांत भागते. चार मारल्या की खोबण सैल, आणि पुंगळी कायमची गेली. दाबण्याच्या यंत्रात पुंगळीच्या आत एक दांडा जातो आणि तो बुडाच्या आतल्या बाजूला टेकतो. बूड जाड असेल तर दांडा लवकर टेकतो, पातळ असेल तर खोल जातो. त्यामुळे एका शिक्क्यावर बसवलेले यंत्र दुसऱ्या शिक्क्याच्या पुंगळीत एक तर कडा अर्धी सोडते किंवा खोबण फाकवते. ‘माझे यंत्र कधी बरोबर चालते, कधी नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या बादलीत पाहिले तर बहुतेक वेळा चार देशांच्या पुंगळ्या एकत्र असतात.

प्रायमर काढण्याआधी पुंगळीत टॉर्च मारून एक भोक आहे की दोन, हे पाहून घ्यावे. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर पद्धत, ती पुन्हा भरता येते. दोन बारीक भोके असतील तर बर्डन पद्धत. तिथे सुई मध्यावरच्या पितळाच्या टेंगळावर आदळून मोडते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज कर्नल आणि बर्डन अमेरिकी, पण अमेरिका चालवते इंग्रजाची पद्धत आणि युरोपातली बरीच लष्करे वर्षानुवर्षे अमेरिकनाची वापरत आली.

एकदा मशीनगनमधून गेलेले पितळ खांद्यापाशी पुढे सरकलेले आणि बुडाशी फुगलेले असते. ते पहिल्यांदा पूर्ण लांबीच्या डायमध्येच, गरज पडली तर बूड जरा जास्त दाबणाऱ्या डायमध्ये, भरपूर वंगण लावून दाबावे लागते. वंगणात कंजूषी केली की पुंगळी डायमध्ये अडकते आणि बूड फाटून हातात येते. खांदा किती मागे ढकलायचा याला मात्र मर्यादा हवी: हाताने बोल्ट ओढायच्या रायफलला इंचाचे एक-दोन हजारांश भाग, स्वयंचलित रायफलला तीन-चार. डाय पार खाली घट्ट करून खांदा जास्त मागे ढकलला की उडताना पुंगळी पुन्हा पुढे ताणली जाते, आणि बुडापासून साधारण पाव ते तीन-अष्टमांश इंचावर आतून पितळ झिजत जाते. बाहेरून तिथे चकाकती रेघ दिसते, पण तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी ओळखायचे तर कागदाची क्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वळवावा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढावा. आकडा मध्येच खड्ड्यात अडकला तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. जाड पितळ हा प्रसंग लांबवते, टाळत नाही. एम-१ गॅरंड किंवा एम-१४ घराण्याच्या, अमेरिकी लष्कराच्या जुन्या स्वयंचलित रायफलींत म्हणूनच अनेक जण चार-पाच वेळांनंतर पुंगळी बिनतक्रार टाकून देतात.

दाबल्यावर लांबी मोजा. .३०८ ला कमाल २.०१५ इंच, कापायची २.००५ ला; .२२३ ला १.७६० आणि १.७५०. मान चेंबरच्या टोकापेक्षा लांब झाली तर ती गोळीवर चिमटा धरते आणि दाब वाढतो. हाच धोका जाड मानेचाही आहे. ७.६२ ची लष्करी पुंगळी आवळून .२४३ सारख्या लहान मापाची केली की मानेचे पितळ आणखी जाड होते. चेंबरमध्ये गोळी सुटायला मानेला फुगायला जागाच उरत नाही. अशा वेळी मान बाहेरून कापून पातळ करणे ऐच्छिक नसते. भरलेल्या काडतुसाची मान मोजून चेंबरच्या मानेपेक्षा निदान दोन-तीन हजारांश इंच कमी आहे, हे पाहिल्याशिवाय असे काडतूस उडवू नये.

दारूच्या वजनाचा आकडा या पत्रात आम्ही मुद्दाम देत नाही, तो दारू बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील पुस्तकातूनच घ्यावा. पण पुस्तक वाचताना एक ओळ हमखास सुटते: त्या पानावर चाचणीला कोणती पुंगळी आणि कोणता प्रायमर वापरला ते लिहिलेले असते. आपली पुंगळी वेगळी असेल तर पुस्तकातला कमाल आकडा आपला नव्हेच. सगळ्यात खालच्या भारापासून सुरुवात करून थोडे थोडे चढावे, आणि वेगमापक यंत्र असेल तर त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे. पुस्तकातल्या कमाल वेगाला आपण कमी दारूत पोचलो, तर आपला कमाल भार तोच. पुढे जायचे नाही. सपाट झालेला प्रायमर, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकाकता ठसा, जड उचलणारा बोल्ट या खुणांवर फार विसंबू नये. त्या दिसेपर्यंत दाब बहुधा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. जुन्या लष्करी काडतुसांतून काढलेली दारू तर वापरूच नये: लष्करी दारूचा प्रत्येक घाणा जळण्यात थोडा वेगळा असतो, दुकानातल्या डब्यासारखा तो एका मापाला आणलेला नसतो.

गॅरंड आणि एम-१४ मध्ये फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच टोचते. न उडवता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर तो बारीक ठिपका स्पष्ट दिसतो. प्रायमर वर राहिला असेल किंवा नाजूक असेल तर बोल्ट कुलूपबंद होण्याआधीच काडतूस उडते. म्हणून तिथे प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा इंचाचे तीन ते पाच हजारांश भाग खाली बसवतात आणि सीसीआय कंपनीचा ३४ क्रमांकाचा, लष्करी कठीणपणाचा प्रायमर घेतात. आणि ज्या खोबणीची दाबलेली कडा नीट निघालेली नाही, तिथेच प्रायमर वर राहतो, हे वेगळे सांगायला नको.

लेखात सफाईचा उल्लेख ‘पुंगळ्या घासून चमकवतात’ एवढाच आहे. घासण्याच्या कोरड्या यंत्रातल्या धुळीत प्रायमरचे शिसे असते. ते यंत्र स्वयंपाकघरात किंवा मुले खेळतात त्या खोलीत चालवू नये. धूळ उडू देऊ नये, हात साबणाने धुवावेत, आणि जेवणाआधी तर नक्कीच.

अमेरिकेत हे लष्करी पितळ लोकांना मिळते कसे, हेही सांगायला हवे होते. सरावात उडालेल्या पुंगळ्या सरकार भंगार म्हणून विकते आणि व्यापारी त्या धुऊन, निवडून पुढे विकतात. मार्च २००९ मध्ये संरक्षण खात्याने त्या चिरडूनच विकायचे ठरवले, तेव्हा नेमबाजांनी आणि मोंटाना राज्याच्या सिनेटरांनी ओरड केली आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. घरी भरणाऱ्यांना हा कच्चा माल किती महत्त्वाचा वाटतो, ते यावरून कळावे.

शेवटचा मुद्दा इथल्या वाचकांसाठी, कारण लेखात तो अजिबात नव्हता. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला ७.६२ व ५.५६ ची काडतुसे बनतात. पण म्हणून हा छंद इथे घरी करता येतो असे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि ‘दारूगोळा’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. अमेरिकेहून येताना रेंजवर वापरलेली पिशवी, जाकिटाचे खिसे, बुटांचे कप्पे रिकामे करून, उलटे झटकून पाहावेत. विमानतळाच्या स्कॅनरमध्ये एक काडतूस दिसले तर प्रवास तिथेच थांबतो आणि पोलीस ठाणे सुरू होते. किचेन म्हणून अडकवलेली रिकामी पुंगळीही ‘सुटा भाग’ म्हणून अडचणीत आणू शकते.

कळावे,
आपले,
अमेरिकेत स्थायिक काही मराठी नेमबाज